भंगारातलं पोलाद ओळखायचं कसं?

आठवडी बाजारात विळे-खुरपी मांडून बसलेल्या लोहाराला जाणतं गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नाही. आधी विचारतं, "पाट्याचं हाय का?"

पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा. चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या ज्या वाकड्या पट्ट्या गाडीचा सगळा भार झेलतात, त्यातली एक. कमानीच्या पाट्याचा कोयता ऊसतोडीत टिकतो आणि बांधकामाच्या सळईपासून केलेला टिकत नाही, हे गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण असं का होतं, हे विचारलं तर सहसा "त्याचं लोखंड चांगलं असतं" एवढंच उत्तर मिळतं. गेली काही वर्षं मी घरामागच्या लहानशा भट्टीवर सुऱ्या, खुरपी, छिन्न्या घडवतो आहे. सगळा माल भंगारातला. सुरुवातीचे कित्येक दिवस "चांगलं लोखंड" म्हणजे नेमकं काय, हे न कळल्यामुळे वाया गेले. पहिली सुरी मी सळईची केली होती. दिसायला देखणी झाली, पण दोन टोमॅटो कापले आणि धार गेली. पुन्हा तापवून पाण्यात बुडवली, तरी तेच. माझ्या हातात दोष असेल असं वाटत राहिलं. दोष हातात नव्हता. त्या सळईत धार धरण्याचा गुणच नव्हता, आणि घण कितीही मारले तरी तो येणार नव्हता.

मराठीत लोखंड, पोलाद आणि बीड असे तीन वेगळे शब्द आहेत. अर्धा उलगडा त्या शब्दांतच आहे. तिन्हींचा मूळ धातू एकच, लोह. फरक आहे तो त्यात मिसळलेल्या कार्बनचा, म्हणजे कोळशातल्या मूलद्रव्याचा. एक किलोचा तुकडा डोळ्यांपुढे आणा. खिडकीचे गज, अँगल, पत्रे यांचं जे साधं लोखंड असतं, ज्याला वर्कशॉपमध्ये एमएस म्हणतात, त्याच्या किलोभर तुकड्यात कार्बन एक ते अडीच ग्रॅम असतो. चिमूटभर मीठ म्हणा. कमानीच्या पाट्यात तो पाच-सहा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याएवढा असतो. चांगल्या कानशीत दहा ग्रॅमच्या वर जातो. आणि बिडाच्या तव्यात वीस ते चाळीस ग्रॅम. चमचाभर कार्बनने लोखंडाचं पोलाद होतं आणि मूठभर झाला की त्याचं बीड होतं. बीड हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतात. भट्टीत लाल करून त्यावर घण घातला तर ते चिरडतं, पसरत नाही. म्हणून बिडाचं भंगार, मग तो जुना नांगर असो, पंपाची बॉडी असो की तुटलेली बिडाची कढई, घडाईच्या कामाचं नाही. ते ओतकामवाल्याकडे जाऊ द्यावं.

आता चमचाभर कार्बनने एवढा फरक का पडतो? साखरेचा पाक आठवा. पाणी गरम असताना त्यात भरपूर साखर विरघळते. तोच पाक सावकाश गार होऊ दिला तर साखर वेगळी निघून तळाशी खडे बांधते. पोलादाचंही काहीसं असंच आहे. ते साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की लोहाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्या नव्या मांडणीत कार्बनला सामावून घ्यायला जागा होते. तुकडा राखेत पुरून सावकाश गार केला तर कार्बन निवांत बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. पण एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो, अणूंची मांडणी ताणून धरतो, आणि तुकडा काचेसारखा कडक होतो. याला आपल्याकडे हत्याराला पाणी देणं म्हणतात. "पाणीदार" या शब्दात हेच पाणी आहे. साध्या लोखंडात अडकवायला पुरेसा कार्बनच नसतो. म्हणून माझी सळईची सुरी शंभर वेळा बुडवली असती तरी कडक झाली नसती.

इथे आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कारखान्यात भंगार वितळवतात तेव्हा सगळं एकत्र होतं आणि हवं ते मिसळून, नको ते काढून नवं पोलाद तयार करता येतं. 'आयएनएस विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू नौका मुंबईत दारूखान्याला तोडली गेली, आणि तिचा धातू वितळवून २०१६ साली आलेल्या बजाज व्ही मोटारसायकलीत वापरला गेला. लोहार असं करत नाही. तो धातू वितळवतच नाही, फक्त मऊ करून आकार देतो. त्यामुळे तुकड्यात जे आहे तेच शेवटपर्यंत राहणार. कोणता तुकडा उचलायचा, हा निर्णयच निम्मं काम करून जातो.

ढिगातून काय उचलावं

वस्तू आधी काय काम करत होती, हा पहिला आणि सगळ्यात उपयोगी सुगावा. जी वस्तू वाकून पुन्हा सरळ व्हायची, जिला सतत झटके बसायचे किंवा जी दुसऱ्या लोखंडाला कापायची, ती पोलादाची असणार. जी नुसती उभी होती किंवा भार धरून होती, ती बहुधा साधी.

कमानीचा पाटा यात पहिला. आपल्याकडच्या पाट्यांत कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा पुढे असतो आणि सोबत क्रोमियम किंवा सिलिकॉन-मँगनीजची जोड असते. त्यामुळे तो तेलात नीट कडक होतो, पाण्यात घाईने बुडवायची गरज पडत नाही, आणि थोडी चूक पोटात घालतो. कोयता, कुऱ्हाड, सुरी, खुरपं, सगळ्याला चालतो. पट्टी आयतीच सपाट असते, हा आणखी एक फायदा. गाडीच्या गोल स्प्रिंगांचा धातूही याच जातीचा, फक्त तापवून सरळ करण्यात वेळ जातो. छिन्नी, पोगर आणि पंच यांसाठी मला त्या जास्त आवडतात, कारण गोल सळई तयारच मिळते.

गाडीचे अ‍ॅक्सल, मोठे शाफ्ट, जुनी पहार यांत कार्बन मध्यम असतो. धार फार काळ टिकणार नाही, पण मार खायला हे पोलाद उत्तम. हातोडे, ऐरणीवर बसवायची अवजारं, कुदळीची टोकं यांना हेच द्यावं. कारखान्यात ईएन ८ म्हणून जे मिळतं तेही याच गटातलं, ०.४ टक्क्यांच्या आसपास कार्बनचं.

कानस हा खरा खजिना आहे. जुन्या चांगल्या कानशीत एक टक्क्याहून जास्त कार्बन असतो, आणि त्यातून निघणारी सुरी दाढी करण्याइतकी धारदार होऊ शकते. पण दोन गोष्टी सांभाळायच्या. कानशीचे दात पूर्ण घासून काढल्याशिवाय घडाई सुरू करू नये. घण मारताना ते दात दुमडून आत दाबले जातात आणि पुढे तिथूनच चीर सुटते. दुसरं म्हणजे, स्वस्तातल्या काही कानशी आतून साध्या लोखंडाच्या असतात आणि फक्त वरची साल कडक केलेली असते. ग्राइंडरवर वरचा थर उडवून आतल्या धातूची ठिणगी पाहिली की हे लगेच कळतं.

बॉल बेअरिंगमधलं पोलादही श्रीमंत असतं, साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. वर्कशॉपवाले त्याला ईएन ३१ म्हणतात. धार अप्रतिम, पण घडाईला हट्टी. तापाचा लाल रंग उतरल्यावर घण मारत राहिलात तर तडकतं. सुरुवातीला हे घेऊ नका. निदान दहा-बारा सुऱ्या पाट्याच्या करून झाल्यावर घ्या.

ड्रिलचे बिट आणि कारखान्यातल्या मशीनच्या करवतीची पाती पाहून मोह होतो, कारण ती फारच कडक असतात. तो मोह आवरायला हवा. ते एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड स्टील आहे. लाल होईपर्यंत तापलं तरी कडक राहावं म्हणूनच त्यात टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम घातलेलं असतं. म्हणजे घणाखाली ते नरम पडावं असं आपल्याला वाटतं, आणि नेमकं तेच होऊ नये म्हणून ते बनवलेलं आहे. घासून आकार द्यायचा असेल तर उपयोग आहे. तापवून ठोकायला नाही.

सळईबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबाबत आहेत. घर बांधताना वापरतात त्या टीएमटी सळईवर ५०० असा आकडा असतो. लोकांना वाटतं तो पोलादाच्या दर्जाचा आकडा, म्हणजे जेवढा मोठा तेवढी धार चांगली. तो आकडा सळई कायमची ताणली जाण्याआधी दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण सोसते, हे सांगतो. धारेशी त्याचा संबंध नाही. भारतीय मानकाप्रमाणे या सळईत कार्बन ०.३० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, कारण ती वेल्डिंगला आणि वाकवायला सोपी राहायला हवी. शिवाय कारखान्यात लाल सळईवर पाण्याचे फवारे मारून तिची फक्त साल कडक केलेली असते, आतला गाभा मऊच. तुम्ही भट्टीत लाल केली की ती सालही गेली. मग हातात उरतं ते साधं लोखंड. त्याच्या सांडशा करा, आकडे करा, दाराच्या कड्या करा. या कामांना सळई छान आहे.

आणि एक गंमतीदार धातू आपल्याकडे भरपूर पडलेला असतो, तो म्हणजे खडी क्रशरच्या जबड्याचे झिजलेले प्लेट. त्यात बारा ते चौदा टक्के मँगनीज आणि एक टक्क्याहून जास्त कार्बन असतो. रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज माणसाने १८८२ च्या सुमारास शोधलेलं हे पोलाद. लोहचुंबक त्याला चिकटत नाही. तापवून पाण्यात बुडवलं तर ते कडक होण्याऐवजी उलट नरम आणि चिवट होतं, आणि मार बसेल तसं वरून कडक होत जातं. दगड फोडायला याहून चांगलं काही नाही. पण त्याची सुरी करायला जाल तर आतापर्यंत शिकलेला प्रत्येक नियम उलटा पडेल.

लोखंडी रुळाचा तुकडा ऐरण म्हणून प्रत्येक हौशी लोहाराला हवा असतो. मलाही होता. आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलो वजनाचे रूळ असतात, म्हणजे फूटभर तुकडाही अठरा किलोंच्या आसपास भरतो. कार्बन ०.६ ते ०.८ टक्के, त्यामुळे ठोके खाऊन खड्डे पडत नाहीत. तुकडा आडवा न ठेवता उभा करून ओंडक्यात बसवला तर घणाखाली बरोबर सगळं वजन येतं आणि ठोका वाया जात नाही. पण हा तुकडा कुठून आला, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. रूळ, रूळ धरून ठेवणाऱ्या वळलेल्या क्लिपा, बोल्ट ही सगळी रेल्वेची मालमत्ता आहे. १९६६ च्या कायद्यानुसार ती बेकायदा बाळगणं हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ती क्लिप रुळावरून कुणीतरी काढलेली असेल तर त्या रुळावरून रात्री एखादी गाडी जाणार आहे. लिलावात घेतल्याची पावती दाखवणारा व्यापारी असेल तरच घ्या. नाहीतर एखाद्या जुन्या शाफ्टचा जाड तुकडाही ऐरणीचं काम करतो.

ठिणगी वाचायला शिकणं

वस्तूच्या जुन्या कामावरून अंदाज बांधला, की दुसरी पायरी ठिणगीची. तुकडा ग्राइंडरच्या चाकाला हलका लावायचा आणि उडणाऱ्या ठिणग्या काळोख्या भिंतीसमोर पाहायच्या. ठिणगी म्हणजे चाकाने खरवडलेला लोखंडाचा सूक्ष्म कण, हवेत जळत जाणारा. त्या कणात कार्बन असेल तर तो जळून वायू होतो, आणि तो वायू कणाला आतून फोडतो. दिवाळीतल्या फुलबाजीला जशी फुलं फुटतात तशी. कार्बन जितका जास्त, तितकी फुलं जास्त आणि चाकाच्या जवळ.

साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर असतात, टोकाला एखादा काटा फुटतो. पाट्याच्या ठिणग्यांना मध्येच फांद्या फुटतात. कानशीच्या ठिणग्या आखूड, पण फुलांनी गच्च भरलेल्या. एचएसएसच्या ठिणग्या मंद, तांबूस, फुलं जवळपास नाहीत. बिडाच्या आखूड, लालसर, शेवटी बारीक झुपके.

हे वाचून समजत नाही, पाहूनच समजतं. म्हणून मी ग्राइंडरजवळ तीन तुकडे कायम तारेला बांधून ठेवले आहेत. एक खिडकीचा गज, एक पाटा, एक कानस. नवा तुकडा आला की आधी तो आणि मग हे तिन्ही, एकाच जोराने लावून पाहतो. डोळा तुलना चांगली करतो, आठवण मात्र फसवते. ग्राइंडरवर डोळ्यांना चष्मा हवाच, अंगावर सुती कपडे हवेत. नायलॉनच्या शर्टावर ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो.

लोहचुंबक आणि कानस यांनीही थोडी माहिती मिळते. चुंबक चिकटला नाही तर तो स्टेनलेसचा भांड्यांचा प्रकार किंवा मँगनीज पोलाद, दोन्ही बाजूला ठेवायचे. कानस फिरवून ती घसरली, पकडच आली नाही, तर तुकडा आत्ता कडक आहे. पण कानस चावली म्हणून तो निकामी ठरत नाही. कमानीच्या पाट्याला जाणूनबुजून थोडं मऊ ठेवलेलं असतं, नाहीतर खड्ड्यात गाडी आदळली की तो मोडला असता. कानस फक्त आजचा कडकपणा सांगते. तापवून बुडवल्यावर तो किती कडक होऊ शकेल, हे तिला कळत नाही.

ते कळायला एकच मार्ग आहे, आणि या सगळ्या लेखात मला मनापासून काही सांगायचं असेल तर ते हेच: पूर्ण सुरी घडवायच्या आधी त्याच तुकड्याची एक चिंधी तोडून तिची परीक्षा घ्या. अर्धा तास जातो. तो वाचवायला जाऊन मी पूर्ण दिवसाची मेहनत पुन:पुन्हा घालवली आहे.

चिंधीची परीक्षा

बोटभर लांबीची पट्टी कापा. सुरीच्या पाठीएवढी, तीन-चार मिलिमीटर जाडीची होईपर्यंत ठोकून घ्या. मग भट्टीत सावकाश तापवा आणि मधूनमधून चुंबकाला लावून पाहा. सुमारे ७७० अंशांना लोखंडाचं चुंबकत्व जातं. पट्टी चुंबकाला चिकटेनाशी झाली की अजून थोडी, रंग किंचित उजळेपर्यंत तापवा आणि कोमट खाद्यतेलात बुडवा. तेल हाताला गरम लागेल इतकं तापवलेलं असलं की जास्त पातळ होतं आणि धातूची उष्णता लवकर ओढून घेतं. गाडीचं जळकं तेल वापरू नका, त्यात झिजलेल्या धातूंचा आणि रसायनांचा गाळ असतो, आणि त्याचा धूर तुमच्याच छातीत जातो. झाकण जवळ ठेवा, तेल पेटलं तर झाकायला. पाणी टाकायचं नाही.

गार झाल्यावर आधी कानस फिरवा. घसरली तर निम्मी लढाई जिंकली. मग पट्टीचं एक टोक वाइसमध्ये धरा, वर जाड कापड टाका, चष्मा घाला आणि हातोड्याचा एक ठोका द्या. वाकली, तर तेलात कडक होण्याइतकं पोलाद ते नाही. दुसरी चिंधी पाण्यात बुडवून पाहा. तिथेही वाकली तर तो तुकडा सांडशी-आकड्यांच्या ढिगात टाका.

कटकन तुटली तर तुटलेली बाजू उन्हात धरून नीट बघा. आतला पोत करड्या मखमलीसारखा बारीक दिसला तर तुमचं तापमान बरोबर होतं. खडीसाखरेसारखे चमकणारे कण दिसले तर पोलाद चांगलं असूनही तुम्ही ते जास्त तापवलंत, कण मोठे झाले आणि असं हत्यार वापरात मोडणार. जास्त तापलेला तुकडा दुरुस्त होतो. चुंबकत्व जाईपर्यंत तापवून हवेत गार करायचं, असं तीनदा. कण पुन्हा बारीक होतात. पूर्ण हत्यार घडवून झाल्यावरही बुडवण्याआधी हे तीन फेरे मी चुकवत नाही.

भट्टी उन्हात असेल तर हे रंग दिसतच नाहीत. हमरस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी, म्हणजे गाडी लोहार, भर दुपारीही ताडपत्रीच्या सावलीतच काम करतात ते नुसत्या उन्हापासून बचाव म्हणून नाही. सावलीत तापाचा रंग खरा दिसतो. एकीकडे बाई घण उचलते, दुसरीकडे गडी सांडशीत तुकडा फिरवतो, आणि दोघांचं लक्ष त्या रंगावर असतं. रंग उतरला की घण थांबतो, कुणी कुणाला सांगावं लागत नाही. ठिणगी-चुंबकाची कुठलीच साधनं त्यांच्याकडे मी पाहिली नाहीत. पण पाटा हातात घेऊन, टणत्कार ऐकून आणि एक टोक ठोकून ते जे सांगतात ते बहुतेक वेळा खरं निघतं. त्या ज्ञानाला आपण फार कमी मोल देतो. गावाकडे गेलात तर विळा शेवटून, म्हणजे नवी धार काढून घेताना तासभर त्यांच्याजवळ बसा.

पाणी दिलेलं हत्यार तसंच वापरायचं नसतं, ते काचेसारखं ठिसूळ असतं. त्याचा थोडा ताठा उतरवावा लागतो. लोहार फक्त धारेकडचा भाग बुडवतात, लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करतात, आणि पाठीकडची उष्णता धारेकडे सरकताना रंग कसे बदलतात ते पाहतात. आधी कडब्यासारखा फिकट पिवळा, सुमारे २२० अंश. मग तपकिरी, मग २८० च्या आसपास जांभळा, आणि ३०० ला निळा. सुरीला कडब्याच्या रंगावर थांबायचं, कुऱ्हाड-छिन्नीला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं, आणि हवा तो रंग धारेला लागला की पुन्हा बुडवायचं. घरात ओव्हन असेल तर सुरी २०० अंशांवर तासभर, दोनदा ठेवली तरी तेच काम होतं, आणि नवख्याला हे जास्त खात्रीचं.

तुकड्याच्या पोटातली चीर

भंगारातल्या पोलादाची एक अडचण परीक्षेतही निसटते. पाटा लाखो वेळा वाकलेला असतो. त्यात केसाएवढ्या चिरा पडलेल्या असू शकतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. दोन दिवस खपून केलेली एक सुरी मी तेलात बुडवली आणि आतून बारीकसा "टिक" आवाज आला. बाहेर काढली तर पाठीपासून धारेपर्यंत रेघ. ती चीर माझ्या भट्टीतली नव्हती. पाट्यातच होती, मी फक्त तिला मोठी केली.

यावर जुना, सोपा उपाय आहे. तुकडा गंज काढून स्वच्छ करा, रॉकेलमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवा, कोरडा पुसा आणि त्यावर खडूची पूड चोळा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. पाट्याच्या मधल्या बोल्टाच्या भोकाजवळ आणि दोन पाटे एकमेकांवर घासतात तिथे हमखास पाहा. तो भाग मी आता सरळ कापूनच टाकतो. शक्य असेल तर गॅरेजवाल्याकडे, मापात कापताना उरलेले न वापरलेले तुकडे मागून घ्या. त्यांचे पैसे थोडे जास्त पडतात, पण पोटात चिरा नसतात.

काही वस्तू मात्र भट्टीजवळही आणू नयेत. जस्ताचा मुलामा असलेले पाइप, पत्रे, बोल्ट तापवले की जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळतं आणि पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, आणि माणसाला वाटतं मलेरिया झाला. चमकदार क्रोम मुलाम्याचा आणि जुन्या रंगाचा धूर याहून वाईट. दोन्ही टोकं बंद असलेला पाइप आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर कधीही तापवू नका, आतली हवा किंवा वायू फुगून तो बॉम्बसारखा फुटतो. गाडीत बसवलेली दाबलेली स्प्रिंग स्वतः सोडवायलाही जाऊ नका. गॅरेजमध्ये त्यासाठी वेगळं साधन असतं.

पोलाद हाताशी कमी असेल तर जुन्या लोहारांची एक रीत अजूनही उपयोगी पडते. पूर्वी पोलाद महाग होतं, म्हणून कुऱ्हाडीचं अंग साध्या लोखंडाचं करत आणि फक्त धारेला पोलाद भरत. झिजली की धार नवी चढवायची, अंग तेच. यात चांगलं असं की साधं लोखंड मार सोसतं आणि मोडत नाही, आणि जिथे कापायचं असतं तिथे पोलादच असतं. बोटभर कानस आणि हातभर सळई यांतून चांगली कुऱ्हाड होते. मात्र हा जोड भट्टीत घणाने बसवायचा म्हणजे दोन्ही तुकडे पिवळे होऊन पृष्ठभागावर पाणी फिरल्यासारखं दिसायला हवं. मध्ये राख किंवा खपल्या राहू नयेत म्हणून टाकणखार भुरभुरायचा, आणि पहिले ठोके हलके द्यायचे, कारण त्या वेळी चारी बाजूंना जळता रस उडतो.

माझ्या शेडमध्ये आता तीन पत्र्याचे डबे आहेत. परीक्षा झालेल्या प्रत्येक तुकड्यावर पंचने खुणा करतो. एक ठिपका साध्या लोखंडाला, दोन तेलात कडक होणाऱ्याला, तीन पाण्यात होणाऱ्याला. चिंधीचा तुटलेला अर्धा भाग तारेने त्याच तुकड्याला बांधून ठेवतो. वर्षभरानंतर तो पाटा हातात येतो तेव्हा त्याचं पोट कसं आहे हे त्या अर्ध्या चिंधीवर अजून दिसत असतं. मात्र तिला तेलाचा हात लावून ठेवावा लागतो. पावसाळ्यात गंज चढला की पोत दिसत नाही.